ऐकण्याची शिस्त

संघर्ष कसा मिटवावा याचे शिक्षण देणारी बहुतेक पुस्तके एका गृहीतकावर उभी असतात. माणसे भांडतात ती मतभेदामुळे कमी आणि आपले म्हणणे समोरच्याने ऐकलेच नाही या भावनेमुळे अधिक, असे ते गृहीतक आहे. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी त्यातून निघणारा उपदेश मात्र अपुरा पडतो. ‘शांतपणे बोला, समजुतीने घ्या’ हे सर्वांना ठाऊक असते आणि राग आलेल्या क्षणी ते कोणालाच जमत नाही. ज्या माणसाच्या घराचे छत गळते आहे, ज्याची गाडी लावायची जागा दुसऱ्याने अडवली आहे किंवा ज्याच्या भाषेचा आपल्याच गावात उपमर्द झाला आहे असे त्याला वाटते, त्याने केवळ चांगल्या स्वभावाच्या बळावर समोरच्याचे ऐकून घ्यावे ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. म्हणून कोणी आधी बोलायचे, दुसऱ्याने उत्तर देण्यापूर्वी काय करायचे आणि ऐकले गेले याची खूण कोणती मानायची, या गोष्टी आधीच ठरवून ऐकण्याची जबाबदारी स्वभावावरून काढून पद्धतीवर टाकावी लागते. बोलण्याच्या शैली आणि सक्रिय श्रवण या दोन संकल्पना या प्रकरणात अशा पद्धतीचे घटक म्हणून तपासल्या आहेत, आणि त्यासाठी मीरा-भाईंदर हे शहर उदाहरणादाखल घेतले आहे.

दार बंद झालेले शहर

मुंबईच्या उत्तर सीमेला दहिसरपाशी लागून असलेल्या आणि वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या शहराची नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती. ती २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मिठागरे, भातशेती आणि राई, मुर्धे, नवघर, गोडदेव यांसारखी आगरी वस्तीची गावे, तसेच उत्तन परिसरातील कोळी आणि ख्रिस्ती वस्त्या असलेल्या या पट्ट्यात १९८० च्या दशकापासून मीरा रोडच्या शांतीनगरसारख्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईत जागा परवडेनाशी झालेली मराठी कुटुंबे, गुजरात-राजस्थानातून आलेले व्यापारी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय आणि नया नगरसारख्या भागात मोठ्या संख्येने स्थिरावलेली मुस्लिम कुटुंबे अशी नाना ठिकाणची माणसे दोन पिढ्यांच्या आत एकमेकांची शेजारी झाली.

यांपैकी अनेक कुटुंबे चाळीतून फ्लॅटमध्ये आली, आणि या स्थलांतरात भांडणाची रीतही बदलली. चाळीत नळावरची बाचाबाची सर्वांदेखत होत असे, त्यामुळे ती मिटवणारी माणसेही तेथेच हजर असत आणि संध्याकाळी पुन्हा त्याच गॅलरीतून जायचे असल्याने अबोला फार दिवस टिकत नसे. फ्लॅटचे दार बंद झाल्यावर शेजाऱ्याची गाठ जिन्यात किंवा लिफ्टमध्ये क्षणभर पडते, आणि तक्रार मात्र सेक्रेटरीला दिलेल्या अर्जातून किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून पोहोचते. परिणामी ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याचा चेहरा, आवाज आणि अडचण तक्रारदाराला दिसतच नाही.

कायद्याने या तक्रारींसाठी वाट आखून दिलेली आहे. गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवल्या जातात. २०१९ मध्ये त्या कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. संस्थेचा कारभार ज्या नियमांनी चालतो त्यांना उपविधी म्हणतात, आणि शासनाच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने तक्रार लेखी द्यावी, व्यवस्थापक समितीने तिच्यावर लगेचच्या सभेत निर्णय घ्यावा आणि तो त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवावा. त्याने समाधान झाले नाही तर विषयानुसार निबंधक, सहकार न्यायालय, महापालिका किंवा पोलीस यांच्याकडे जाण्याचे मार्ग आहेत. गळती, दुरुस्ती, पार्किंग आणि पाण्याचे असमान वाटप यांसारखे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयाच्या कक्षेत येतात. तक्रार कोणाकडे न्यायची याचे उत्तर उपविधींत असे सविस्तर मिळते. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो यांनी एकमेकांचे म्हणणे समोरासमोर कसे ऐकावे, हे मात्र प्रत्येक कमिटीच्या मगदुरावर सोडलेले आहे. येथील बहुतांश कटुता या रिकाम्या जागेत वाढते.

एकच तक्रार, चार शैली

संवादाची शैली म्हणजे आपली गरज आणि समोरच्याचा मान या दोहोंना बोलणारा किती वजन देतो याची सवयीने ठरलेली तऱ्हा. रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९७० मधील पुस्तकानंतर लोकप्रिय झालेल्या वर्गीकरणात आज सामान्यतः आक्रमक, दबलेली, छुपी आक्रमक आणि ठाम अशा चार शैली मानल्या जातात. त्यांतील फरक व्याख्येपेक्षा उदाहरणातून चटकन कळतो, म्हणून तीस-पस्तीस वर्षे जुन्या इमारतीत हमखास उद्भवणारा गळतीचा प्रसंग नमुन्यादाखल घेता येईल. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्या छताला ओल आली आहे आणि वरच्या मजल्यावर एक तरुण कुटुंब राहते.

आक्रमक शैलीत ते गृहस्थ वरचे दार वाजवून म्हणतील, “तुम्ही वर राहता म्हणून आमच्या डोक्यावर पाणी सोडणार का? तुम्हाला इमारतीत घेतले तिथेच चुकले.” यात तक्रार एका वाक्यात संपते आणि दुसऱ्या वाक्यात माणसावर हल्ला होतो, त्यामुळे ऐकणारा पाण्याविषयी बोलायचे सोडून स्वतःच्या बचावाला लागतो. दबलेल्या शैलीत ते म्हणतील, “असू द्या, पावसाळा आहे, चालायचेच,” आणि खाली बादली लावून गप्प बसतील. हा गप्पपणा पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेत भलत्याच विषयावरून फुटतो. छुप्या आक्रमक शैलीत दार वाजवलेच जात नाही, त्याऐवजी गटावर ‘काही लोकांना दुसऱ्याच्या घराची किंमत नसते’ असा नाव न घेता बाण सुटतो, ज्याला उत्तर देणेही अवघड आणि दुर्लक्ष करणेही अवघड असते. ठाम शैलीत तेच गृहस्थ म्हणतील, “वहिनी, गेले तीन आठवडे आमच्या बेडरूमच्या छताला ओल आहे आणि काल पंख्याच्या हुकापाशी पाणी गळले. शॉक लागेल अशी धास्ती वाटते. येत्या रविवारी प्लंबरला घेऊन आलो, तर तुमचे बाथरूम एकदा बघता येईल का?”

या शेवटच्या बोलण्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. त्यात आधी डोळ्यांनी दिसलेली गोष्ट आहे, मग तिच्यामुळे वाटलेली भीती आहे, त्या भीतीतून घर सुरक्षित असावे ही गरज उघड होते आणि शेवटी हो किंवा नाही म्हणता येईल अशी नेमकी विनंती आहे. निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती या चार पायऱ्या मार्शल रोझेनबर्ग यांनी मांडलेल्या अहिंसक संवाद पद्धतीचा गाभा आहेत. थॉमस गॉर्डन यांनी पालकांसाठी १९६२ पासून चालवलेल्या वर्गांतून जे मी-विधान प्रसिद्ध झाले, त्याचेही तत्त्व हेच आहे: ‘तुम्ही असे आहात’ असे म्हणण्याऐवजी ‘मला हा त्रास होतो’ असे म्हटले की समोरच्याला नाकारण्यासारखे काही उरत नाही, कारण आपल्या त्रासाचा साक्षीदार बोलणारा स्वतःच असतो.

शैली हा जन्मजात गुण नसतो आणि एकच माणूस सर्वत्र एकाच शैलीत बोलतही नाही. कार्यालयात वरिष्ठांपुढे दबून बोलणारा कर्मचारी सुट्टीच्या दिवशी इमारतीच्या वॉचमनवर आवाज चढवताना दिसतो, आणि घरात कोणाचे काही न ऐकणारे गृहस्थ जावयासमोर मवाळ होतात. माणसाची शैली त्याच्या हातातील सत्तेप्रमाणे बदलते, हे प्रशिक्षणात सुरुवातीलाच लक्षात आणून दिले तर सहभागी स्वतःवर ‘रागीट’ किंवा ‘भिडस्त’ असा शिक्का मारण्याऐवजी कोणत्या जागी आपला तोल जातो हे शोधू लागतात.

समोरच्याच्या समाधानापर्यंत

सक्रिय श्रवण ही संज्ञा कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्रासाठी लिहिलेल्या पुस्तिकेतून रूढ झाली. बोलणाऱ्याचे शब्द आणि त्यांमागची भावना या दोन्ही गोष्टी समजून घेण्याचा प्रयत्न करणे, आणि काय समजले ते त्याला परत सांगून पडताळून पाहणे, असा तिचा आशय आहे. रॉजर्स यांनी त्याआधी, १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, वादात सापडलेल्या कोणत्याही गटाला करून पाहता येईल असा एक साधा प्रयोग सुचवला होता. आधीच्या वक्त्याचे विचार आणि भावना त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे पुन्हा मांडल्याशिवाय पुढच्याने स्वतःचे मत मांडायचे नाही, एवढाच त्याचा नियम होता. नियम ऐकायला सोपा असला तरी पाळताना अवघड जातो, कारण रागाच्या भरात ऐकणारा समोरच्याचे पहिले वाक्य संपण्यापूर्वीच स्वतःचे उत्तर जुळवू लागलेला असतो.

भारतीय वाचकाला या नियमाची ओळख अगदीच नवी नाही. शास्त्रार्थाच्या परंपरेत स्वतःचा सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून नीट मांडावे लागे, आणि मीरा-भाईंदरमध्ये मोठ्या संख्येने राहणाऱ्या जैन समाजाच्या तत्त्वज्ञानात वस्तूच्या एकाच बाजूचे कथन अपुरे मानणारा अनेकांतवाद आहे. पूर्वपक्ष आणि रॉजर्स यांचा नियम यांत एक महत्त्वाचा फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. पूर्वपक्ष मांडला जातो तो पुढे खंडन करण्यासाठी आणि तो बरोबर मांडला की नाही हे विद्वत्सभा ठरवते. रॉजर्स यांच्या नियमात हा निवाडा करण्याचा अधिकार फक्त ज्याचे म्हणणे मांडले गेले त्यालाच असतो. ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे त्याने म्हणेपर्यंत ऐकणाऱ्याची पाळी येत नाही.

गळतीच्या प्रसंगात या नियमाने काय घडते ते बारकाईने पाहता येते. प्लंबरचा विषय निघताच वरच्या मजल्यावरील गृहिणी म्हणते, “काका, आम्ही दोनदा टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतले, तरी तुमची ओल आहे तशीच. आता परत आमच्याच खिशात हात?” रागावलेल्या कानांना यात ‘आम्ही पैसे देणार नाही’ एवढेच ऐकू येते, आणि त्याला उत्तर म्हणून वकिलाच्या नोटिशीची भाषा सुरू होते. प्रतिकथनाची, म्हणजे ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगण्याची, सवय असलेला माणूस म्हणेल, “म्हणजे तुम्ही आधीच दोनदा खर्च केलात, ओल तरीही गेली नाही, म्हणून गळती तुमच्याच बाथरूमची आहे हे तुम्हाला आता पटत नाही. बरोबर ना?” यावर उत्तर येते, “हो, आणि डक्टमधली पाइपलाइन कमिटीने एकदाही उघडून बघितलेली नाही.”

या एका वाक्याने वादाचा नकाशा बदलतो. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरील सामाईक पाइप आणि सांडपाण्याच्या नळ्यांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर फ्लॅटच्या आतील दुरुस्तीचा खर्च सामान्यतः सभासदाचा असतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांमधला वाटणारा वाद कदाचित त्या दोघांचा नसून संस्थेच्या अखत्यारीतला आहे. आता पुढचे प्रश्न तपासणीचे होतात. काही दिवस वरचे बाथरूम वापरले नाही तर ओल सुकते का, बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडले तर खाली रंग उतरतो का, आणि डक्टमधील सांधा कोणत्या मजल्यावर सुटला आहे, यांची उत्तरे प्लंबर देऊ शकतो. ऐकण्याला पुष्कळदा सौजन्याचा भाग समजले जाते, पण येथे ऐकल्यामुळे हाती आली ती माहिती, आणि ती माहिती भांडणात दडून राहिली असती.

प्रतिकथनाच्या जोडीला मध्यस्थीच्या प्रशिक्षणात आणखी काही तंत्रे शिकवली जातात. भावनेची दखल घेणे म्हणजे तिच्याशी सहमत न होताही ती मान्य करणे; पुनर्मांडणी म्हणजे ‘हे लोक चोर आहेत’ या वाक्यातील विष काढून ‘हिशेब स्पष्ट असावा असे तुम्हाला वाटते’ असा त्यातला मुद्दा शिल्लक ठेवणे; सारांश म्हणजे दोन्ही बाजूंचे मुद्दे एकत्र वाचून दाखवणे; आणि मौन म्हणजे बोलणारा थांबला तरी त्याला आणखी काही सांगायचे असेल म्हणून लगेच न बोलणे. खुला प्रश्न हेही असेच साधन आहे. ‘तुम्ही तक्रार का केली?’ या प्रश्नातला ‘का’ उलटतपासणीसारखा ऐकू येतो, तर ‘ही ओल कधीपासून आहे, आणि तुम्ही आजवर काय काय करून पाहिले?’ या प्रश्नाने माणूस सांगू लागतो.

मागणी आणि गरज

ऐकण्यातून काय शोधायचे, याचे उत्तर मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत स्त्रीने १९२५ मध्येच दिले होते. वाद मिटवण्याचे तीन मार्ग असतात असे त्या मानत: एकाने दुसऱ्यावर मात करणे, दोघांनी थोडेथोडे सोडून तडजोड करणे आणि दोघांच्याही मूळ गरजा भागतील असा नवा उपाय शोधणे, ज्याला त्यांनी एकात्मीकरण म्हटले. त्यांचे ग्रंथालयातील उदाहरण आजही सर्वत्र शिकवले जाते. एका वाचकाला खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली गेली, कारण त्याला हवी होती ती मोकळी हवा आणि त्यांना नको होता तो अंगावर येणारा उत्तरेचा वारा. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या १९८१ मधील प्रसिद्ध पुस्तकाने हाच भेद मागणी आणि गरज यांच्यातील भेद म्हणून जगभर पोहोचवला.

मीरा-भाईंदरमधील पार्किंगच्या वादांना हे सूत्र चपखल लागू पडते. जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा घरटी गाडी ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे आज जागेची टंचाई खरी आहे आणि कितीही गोड बोलून ती वाढणार नाही. तरीही ‘हीच जागा माझी’ या मागणीखाली एकाची गरज वृद्ध आईला लिफ्टजवळ उतरवण्याची असते, दुसऱ्याची पहाटे लवकर निघताना गाडी अडकू नये एवढीच असते आणि तिसऱ्याची गाडीवर झाडाची फांदी पडू नये अशी असते. या गरजा उघड झाल्या तर आळीपाळी, वेळेची वाटणी किंवा जागांची अदलाबदल हे पर्याय सुचतात. त्या झाकलेल्या राहिल्या तर फक्त चिठ्ठ्या टाकणे किंवा सहकार न्यायालय उरते.

अनेक भाषांच्या जिन्यात

जेथे एकाच जिन्यात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी आणि उर्दू बोलली जाते, तेथे श्रवणाच्या प्रशिक्षणाला एक वेगळी बाजू येते. दोन परक्या भाषकांमध्ये भांडण बहुधा अशा भाषेत होते जी दोघांपैकी एकाची किंवा दोघांचीही नसते, आणि दुसऱ्याच्या भाषेत बोलताना मवाळ छटा आधी गळून पडतात. मराठी माणूस आदरार्थी ‘तुम्ही’च्या सवयीने हिंदीत ‘तुम’ म्हणतो, तेव्हा ‘आप’ची अपेक्षा असणाऱ्याला ते उद्धट वाटते, आणि बोलणाऱ्याला आपण काय वावगे बोललो हे कळतही नाही. म्हणून अशा बैठकीत प्रत्येकाला रागही व्यक्त करता येईल अशा स्वतःच्या भाषेत बोलू द्यावे, दोन्ही भाषा जाणणाऱ्या शेजाऱ्याने ते सांगावे, आणि प्रतिकथनाचा नियम येथे अधिकच काटेकोरपणे पाळावा.

भाषा स्वतःच वादाचा विषय होते तेव्हा काय होते, हे या शहराने २०२५ मध्ये पाहिले. पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात वातावरण तापले असताना, त्याविषयीचे शासन निर्णय २९ जून रोजी मागे घेतले गेले त्याच सुमारास, मीरा रोडमध्ये मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. ३ जुलै रोजी व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला, आणि ८ जुलै रोजी मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला, ज्याच्या आधी पोलिसांनी परवानगी नाकारून अनेकांना ताब्यात घेतले होते. मारहाण हा कायद्याने हाताळायचा विषय आहे आणि तेथे श्रवणाच्या तंत्राला जागा नाही. परंतु त्यामागचे दोन प्रश्न मोर्चे संपल्यावरही शिल्लक राहतात. आपल्याच राज्यात रोजच्या व्यवहारात आपल्या भाषेला मान मिळावा ही एका बाजूची गरज आहे, आणि धंदा करताना जिवाची व मालमत्तेची हमी असावी ही दुसऱ्या बाजूची. या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात नाहीत; तरीही ‘मराठी बोलणार नाही’ आणि ‘बोलायलाच लावू’ या दोन मागण्यांच्या रूपाने त्या समोर आल्या की त्यांच्यात काही जुळण्यासारखे आहे हेच दिसेनासे होते.

शांततेच्या काळातली तयारी

समूहांमधील संघर्षात ऐकण्याची व्यवस्था कधी उभारायची, याचा धडा ठाणे जिल्ह्यातच भिवंडीने घालून दिलेला आहे. १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झालेल्या या यंत्रमागांच्या शहरात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे जाळे विणले. त्या त्या वस्तीतील हिंदू आणि मुस्लिम रहिवासी आणि पोलीस त्यात एकत्र बसत, आणि चर्चा बहुतेक वेळा किरकोळ गाऱ्हाण्यांची असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे दंगलीत मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, आणि राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील जातीय हिंसाचारावरील आपल्या २००२ मधील ग्रंथात भिवंडीच्या अनुभवाची दखल घेतली.

या प्रयोगाचे मर्म त्याच्या वेळेत आहे. अफवा पसरल्यावर एकमेकांना प्रथमच भेटणारी माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत; गटाराच्या तक्रारीवरून वर्षभर एकत्र बसलेली माणसे मात्र त्या रात्री एकमेकांना फोन करू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडच्या नया नगर परिसरात मिरवणुकीतील वाहनांवरून दोन गटांत तणाव भडकला, त्या प्रसंगाने या शहरालाही अशा कायमस्वरूपी बैठकीची गरज दाखवून दिली. ग्रामीण महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर तंटे मिटवण्याचा प्रयत्न केला, पण ती रचना गावासाठी होती. शहरी वस्त्यांसाठी २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातील सामुदायिक मध्यस्थीची तरतूद अधिक जवळची आहे. परिसरातील शांतता आणि सलोखा बिघडवू शकणारा वाद उभयपक्षी संमतीने तीन मध्यस्थांच्या पॅनेलपुढे नेता येईल, अशी तिची योजना आहे. त्यातून झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही, म्हणजेच त्याचे बळ दोन्ही बाजूंना तो कितपत आपला वाटतो यावर अवलंबून राहते.

शिकवण्याची रीत

श्रवण व्याख्यानाने शिकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्थापन केलेल्या मध्यस्थी आणि सलोखा प्रकल्प समितीच्या कार्यक्रमात न्यायालयीन मध्यस्थांना ४० तासांचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्यात प्रसंग वठवून सराव करण्याला मोठा वाटा असतो. सोसायटीच्या कमिटीसाठी, बचत गटासाठी किंवा शाळेतील नववी-दहावीच्या वर्गासाठी याचे छोटे रूप तिघांच्या गटात करता येते. एकाने खरी पण सौम्य तक्रार सांगायची, दुसऱ्याने ऐकून प्रतिकथन करायचे आणि तिसऱ्याने कागद घेऊन फक्त निरीक्षण करायचे. मग भूमिका फिरवायच्या. ऐकणाऱ्याने मध्येच तोडले का, विचारल्याशिवाय सल्ला दिला का, ‘माझ्याही बाबतीत असेच झाले’ म्हणून विषय स्वतःकडे ओढला का, आणि ‘हो, हेच म्हणायचे होते’ हे वाक्य ऐकण्यासाठी त्याला किती प्रयत्न लागले, एवढ्याच नोंदी निरीक्षकाने करायच्या. बहुतेक सहभागींना सर्वांत अवघड जाते ते सल्ला न देणे, कारण आपल्याकडे ऐकण्याचे मोल लगेच उपाय सांगण्यात मानले जाते.

प्रशिक्षणानंतर ही सवय कारभारात बसवावी लागते, नाहीतर ती शिबिरापुरती राहते. कमिटीच्या सभेत गळतीची किंवा पार्किंगची तक्रार घेताना दोन्ही सभासदांना बोलवावे, प्रत्येकाला ठरलेली वेळ न तोडता बोलू द्यावे, दुसऱ्याने त्याचे म्हणणे मांडून दाखवावे, आणि मगच उत्तर द्यावे. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, प्रत्येक बाजूचे म्हणणे त्या बाजूला मान्य असलेल्या शब्दांत उतरवावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि खर्चही येत नाही. उपविधींनी दिलेल्या मुदतीत हे सहज बसते, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच तर वादाचे खरे मुद्दे आधीच स्वच्छ झालेले असतात.

मर्यादा

या साधनाविषयी अवाजवी आशा बाळगणेही योग्य नाही. जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३० नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात, भांडताना सक्रिय श्रवणाची तंत्रे वापरण्यावरून संसार सुखाचा होईल की नाही हे सांगता आले नाही; तक्रारीची सुरुवात किती मवाळ आहे आणि पती पत्नीचे म्हणणे स्वीकारतो का, या गोष्टी अधिक निर्णायक ठरल्या. संतापाच्या भरात उत्स्फूर्तपणे प्रतिकथन करणारी माणसे विरळाच असतात, हाही त्या अभ्यासाचा एक अर्थ आहे. ऐकण्याचा नियम आणि तो पाळायला लावणारी तिसरी व्यक्ती लागते या मताला त्यातून पुष्टीच मिळते, आणि ऐकून झाल्यावर समोरच्याचे काहीतरी मान्यही करावे लागते याची आठवणही होते.

दुसरी मर्यादा सत्तेची आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला मारणाऱ्याचे म्हणणे समजून घ्यायला सांगणे हा अन्याय आहे. कागदपत्रे अडवून बसलेला बिल्डर आणि जमिनीची मालकी आपल्या नावावर व्हावी म्हणून झगडणारी सोसायटी यांच्यातही संवाद कायदेशीर मार्गाची जागा घेऊ शकत नाही. तिसरी मर्यादा ढोंगाची आहे. प्रत्येकाचे हसतमुखाने ऐकून घेणारा आणि वहीत काहीच न उतरवणारा पदाधिकारी हा उघड भांडणाऱ्यापेक्षा जास्त कटुता निर्माण करतो, कारण तक्रारदाराला पुढच्या वेळी बोलावेसेच वाटत नाही.

म्हणून ऐकले गेले की नाही याची कसोटी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर न शोधता दोन ठिकाणी शोधावी लागते. समोरच्याने आपले म्हणणे बरोबर मांडले हे तक्रारदार स्वतः मान्य करतो का, ही पहिली; आणि त्या ऐकण्यामुळे निर्णयात, नोंदीत किंवा पुढच्या कृतीत काही बदलले का, ही दुसरी. या दोन कसोट्या ज्या कमिटीत किंवा मोहल्ला बैठकीत नियम म्हणून पाळल्या जातात, तेथे भांडणे थांबतीलच असे नाही. पण जे प्रश्न खरोखर जागेचे, पैशाचे किंवा हक्काचे आहेत ते तसे ओळखू येतील, आणि केवळ न ऐकल्यामुळे वाढलेले वाद त्यांच्यापासून वेगळे काढता येतील.